जनगणनेच्या पानावरचे आपले गाव

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी मला 'आपले गाव : काल आणि आज' हा विषय दिला होता. विषय मोठा आहे आणि त्यावर बोलणारे माझ्याहून चांगले वक्ते या सभागृहात बसलेले आहेत. मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली. मास्तर म्हटले की शिकवण्याबरोबर निवडणूक आली, पटनोंदणी आली, पोलिओचे डोस आले आणि दर दहा वर्षांनी जनगणना आली. १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन जनगणनांत मी प्रगणक म्हणून घरोघर फिरलो. तेव्हा माझी लायकी ओळखून मी अध्यक्षांना विनंती केली की, गावाविषयी मी एका पानापुरतेच बोलेन. ते पान म्हणजे जिल्हा जनगणना हस्तपुस्तिकेतले आपल्या गावाचे पान. पान म्हणतो तेही जास्तच झाले, ती एकच ओळ असते. पण त्या एका ओळीपायी आपल्या वाडीचे काय झाले, आणि त्यात माझा स्वतःचा वाटा किती होता, हे मला आज सांगायचे आहे.

त्या ओळीत काय असते ते प्रथम पाहू. गावाचे नाव, एकूण कुटुंबे, एकूण लोकसंख्या, त्यात पुरुष किती, स्त्रिया किती, सहा वर्षांपर्यंतची मुले किती, अनुसूचित जातीचे किती, अनुसूचित जमातीचे किती, साक्षर किती, काम करणारे किती. काम करणाऱ्यांत पुन्हा शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले आणि इतर. झाले. वाड्या किती आहेत, कोणती वाडी डोंगरावर आणि कोणती वहाळाच्या काठाला, कोणाच्या विहिरीला मे महिन्यात पाणी असते, सहाणेवर पालखी आली की कोणी कोठे उभे राहायचे, यातले काही त्या ओळीत नसते. आपल्याकडच्या गावाची रचना आपण सगळे जाणतो. कुणबीवाडी मोठी, तिच्या दोन-तीन पोटवाड्या, मराठ्यांची वाडी, गुरवांची घरे देवळाजवळ, सुतार, न्हावी, परीट यांची एकेक दोन-दोन घरे, खाडीकडे मोहल्ला, जुन्या खोताचा चिरेबंदी वाडा (आता त्यावर कुलूप), डोंगरावर धनगरवाडा, आणि गावच्या एका टोकाला आपण. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिले. ते महसूल खात्यातले गृहस्थ, त्यांनी बलुत्यांची मांडणी बारकाईने केली आहे. पुस्तक वाचण्यासारखे आहे. फक्त गाडा ओढणाऱ्याच्या मानेवर घट्टा किती पडला, ते वाचणाऱ्याने आपल्या आजोबांना आठवून ठरवायचे.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. गावाचा आकड्यांनी अभ्यास करणे ही आपल्याला परकी गोष्ट नाही. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घर न् घर, शेत न् शेत पाहणी केली आणि १९१७ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्या गावात सरासरी एका खातेदाराकडे १७७१ साली ४० एकर जमीन होती. १८१८ साली ती साडेसतरा एकर झाली, १८२०-४० च्या सुमारास १४, आणि १९१४-१५ साली अवघी ७ एकर. हे आकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवरील आपल्या १९१८ सालच्या निबंधात घेतले. त्या वेळी त्यांचे वय सत्तावीस. आकडे सगळ्यांपुढे होते. बाकीचे म्हणत होते, तुकडे झाले म्हणून शेती बुडाली, तेव्हा तुकडे जोडा. बाबासाहेबांनी विचारले, एवढे लोक त्या जमिनीवर का बसले आहेत? त्यांना दुसरे काम का नाही? कारखानदारी वाढली आणि जमिनीवरचा भार उतरला तरच शेती सुधारेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेच पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे आणि तेथे उंच इमारती उभ्या आहेत.

आपल्या कोकणाने हा भार आपल्या पद्धतीने उतरवला. माणसे बोटीने, मग एस. टी.ने, १९९८ नंतर कोकण रेल्वेने मुंबईला आली. गिरणीत, गोदीत, पालिकेत, रेल्वेत लागली. खोताच्या कुळाला गावात मान वर करता येत नव्हती, हे त्याचे एक मोठे कारण. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले आणि १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. त्या मोर्चात आपल्याबरोबर कुणबी बांधव हजारोंनी होते, हे गावात वाद निघतो तेव्हा दोन्ही बाजूंनी आठवावे. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. महारवतन जाण्यासाठी १९५८ चा कायदा यावा लागला. वतन म्हणजे रात्री-अपरात्री सरकारी टपाल घेऊन धावायचे, सारा गोळा करायला दवंडी द्यायची, मेलेली ढोरे ओढायची, आणि बदल्यात जमिनीचा एक खडकाळ तुकडा. तो तुकडा म्हणजे आपली प्रतिष्ठा असे मानणारेही आपल्यात होते. ते असो.

आता त्या ओळीकडे परत येतो. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार होती, २०११ साली ती १६ लाख १५ हजार झाली. सारा देश वाढत असताना आपला जिल्हा आटला. शेजारचा सिंधुदुर्गही आटला. २०११ साली राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या आणि रत्नागिरीत ११२२. हा आकडा काढून एखादा बाहेरचा पाहुणा भाषणात म्हणतो की, कोकणात मुलीच्या जन्माचे स्वागत होते. चांगली गोष्ट आहे, व्हावे. पण ११२२ चा अर्थ तो नव्हे. त्याचा अर्थ पुरुष मुंबईला आहेत. जनगणनेचा नियम असा की, माणूस जेथे नेहमी राहतो तेथे मोजायचा. आपण इथे लालबागला, नायगावला, आता बदलापूर-विरारला राहतो, तर आपण तिथे मोजले जाणार. गणपतीला, शिमग्याला आणि १४ एप्रिलला गावात गर्दी होते म्हणून आपल्याला वाटते की वाडी भरलेली आहे. प्रगणक जातो फेब्रुवारीत. तेव्हा निम्म्या दारांना कुलूप आणि उरलेल्यांत एक म्हातारी, एक सून, दोन नातवंडे. मंडळाच्या वर्गणीच्या वहीतली वाडी आणि जनगणनेतली वाडी या दोन वेगळ्या वाड्या आहेत. मुंबईकरांनी आपली नावे गावाला घुसडावीत असे मी मुळीच म्हणत नाही. ते बेकायदा आहे आणि त्याने मुंबईतला आकडा कमी होतो तो वेगळाच.

त्या सुनेविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. प्रगणक विचारतो, काम काय करते? सासरा ओट्यावरून उत्तर देतो, "ती घरीच असते." प्रगणक लिहितो, काम करत नाही. ही बाई राब भाजते, पेरते, जून-जुलैमध्ये गुडघाभर चिखलात लावणी करते, बेणते, कापते, झोडते, गुरांचे करते, आणि शिवाय दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाते. घरच्या शेतात बिनमजुरीने केलेले कामही जनगणनेच्या व्याख्येत काम आहे. वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम असेल तर मुख्य कामगार, कमी असेल तर सीमांतिक कामगार, एवढाच फरक. ही व्याख्या प्रगणकाच्या पुस्तिकेत छापलेली असते. मी स्वतः पहिल्या खेपेला ती नीट वाचली नव्हती. दुसऱ्या खेपेपासून मी पुरुषाला बाजूला ठेवून बाईलाच विचारू लागलो, आणि एकेका घरातले दोन-दोन शेतकरी वाढले. भगिनींनो, उत्तर तुम्ही स्वतः द्या.

साक्षरतेचेही असेच. सात वर्षांवरील जी व्यक्ती समजून वाचू आणि लिहू शकते ती साक्षर. नुसती सही येणे म्हणजे साक्षर नव्हे. माझी आई सही फार सुरेख करीत असे. मी तिच्यापुढे निरक्षर लिहिले तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील बौद्धांची साक्षरता ८१.२९ टक्के होती, सर्व लोकांची ७२.९८. हा आकडा आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावा. माझ्या आईसारख्या बायांनी मुलांना शाळेत ढकलले म्हणून तो दिसतो.

आता मूळ मुद्दा. तो जरा लक्ष देऊन ऐका, कारण अनेक शिकलेले लोकही यात चुकतात.

१९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्ध म्हणून नोंदलेले लोक २,४८७ होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि १९६१ साली हाच आकडा २७,८९,५०१ झाला. जगात असा दुसरा आकडा शोधून सापडणार नाही. पण त्याच वेळी दुसरी गोष्ट घडली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीत फक्त हिंदू धरले जात, १९५६ पासून शीखही. बौद्ध झाला की तो त्या रकान्यातून बाहेर. राज्य सरकारने १९६० पासून सवलती दिल्या, केंद्राने दिल्या नाहीत. त्यासाठी आपल्या लोकांनी तीस वर्षे मोर्चे काढले, निवेदने दिली, आणि १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. परिणाम पाहा. महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ साली ७.१४ टक्के होते, १९९१ साली ११.०९ टक्के झाले. दहा वर्षांत एवढी मुले जन्माला आली नव्हती. जी माणसे होतीच, ती कागदावर परत आली.

सगळी मात्र परत आली नाहीत. २०११ साली राज्यात बौद्ध ६५ लाख ३१ हजार. त्यांतले अनुसूचित जाती म्हणून नोंदलेले सुमारे ५२ लाख. म्हणजे तेरा लाखांच्या आसपास बौद्ध त्या रकान्यात नाहीत. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात तर बौद्ध सुमारे ७ टक्के आणि अनुसूचित जाती, त्यात चर्मकार वगैरे सगळे धरून, ४ टक्क्यांच्या आसपास. हे गणित घरी जाऊन करून पाहा.

आणि यातली सर्वांत मोठी गोम अशी की, जनगणनेत धर्माचे आकडे तालुक्यापर्यंत आणि शहरांपर्यंत छापले जातात, गावनिहाय छापले जात नाहीत. गावाच्या ओळीत धर्माचा रकानाच नाही. तेथे फक्त अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती. म्हणजे एखाद्या गावातल्या बौद्धाने धर्म बौद्ध लिहिला आणि जातीच्या प्रश्नाला उत्तर दिले नाही, तर तालुक्याच्या पानावर तो बौद्ध म्हणून दिसेल, पण स्वतःच्या गावाच्या ओळीत तो कोठेच दिसणार नाही. तो 'इतर' होईल. ग्रामपंचायतीत अनुसूचित जातीसाठी राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची जी योजना आहे तिचा निधीही वस्तीच्या लोकसंख्येवर ठरतो. पाखाडी, गटार, समाजमंदिर, नळ, हे सगळे त्यावर.

आता माझी गोष्ट. फेब्रुवारी १९९१. मी एकतीस वर्षांचा, नोकरी पक्की झालेली, आणि मला माझ्याच गावाचा गट मिळाला. प्रशिक्षण तालुक्याला एका दिवसात उरकले. कायदा बदलल्याची सूचना पुस्तिकेत होती, पण प्रशिक्षण देणाऱ्याने त्यावर एक वाक्यही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मी आपल्या वाडीत शिरलो ते पहिल्या घरी, माझ्या आत्याकडे. धर्म विचारला. म्हणाली, "बौद्ध. मोट्या अक्षरात लिव." मी लिहिले. मग जातीचा प्रश्न आला. मी म्हटले, "आत्ये, रकाना हाय गो, काय लिहू?" आत्या वायन सोडून उठली. छप्पन साली गावातून नागपूरला कोणी गेले नव्हते, पण पुढच्या वर्षी वाडीत दीक्षा झाली तेव्हा घरातले देव वहाळात सोडणाऱ्यांत ती पहिली होती. ती म्हणाली, "जात आमी कवाच टाकली रे. ती तू मास्तर होऊन परत घरात आणतोस?"

माझ्या अंगावर काटा आला. मला तिचा अभिमान वाटला. मी तो रकाना मोकळा सोडला. आणि मग आख्ख्या वाडीत, एकेका घरी, न विचारताच मोकळा सोडला. मला वाटले मी धम्माचे काम करतो आहे. बंधूंनो, चूक आत्याची नव्हती. तिने तिचे उत्तर दिले. कायदा बदलला आहे, हा रकाना आता आपल्यासाठी उघडला आहे, त्याचा उपयोग काय, हे तिला सांगणे माझे काम होते. बाकीच्या घरांना तर मी विचारलेसुद्धा नाही.

काही वर्षांनी तालुक्याच्या कचेरीत एका कामासाठी बसलो असताना हस्तपुस्तिका हाती आली. आपल्या गावाची ओळ काढली. अनुसूचित जातीच्या रकान्यात जो आकडा होता, तो चर्मकारांच्या घरांचा होता. मी ती घरे ओळखत होतो, बोटावर मोजली. आमची वाडी त्या ओळीत नव्हती. पुढे पाखाडीचा प्रस्ताव गेला तेव्हा कार्यालयातल्या माणसाने तीच ओळ दाखवली. म्हणाला, "गुरुजी, तुमच्या गावात एवढे लोकच नाहीत." मी त्याच्याशी भांडू शकलो नाही. कोणत्या तोंडाने भांडणार? आत्या पुढे किती तरी पावसाळे त्याच चिखलातून पाण्याची कळशी घेऊन आली. मी तिला हे कधी सांगितले नाही. ती आता नाही, म्हणून आज येथे सांगतो.

यावर आपल्यात दोन मते आहेत, आणि आज सभागृहात दोन्ही मतांची माणसे आहेत हे मला ठाऊक आहे. एक मत म्हणते, जात लिहिणे म्हणजे दीक्षेला बट्टा. त्या मतामागे आत्यासारखी माणसे आहेत, त्याची टिंगल मी कोणाला करू देणार नाही. माझे मत निराळे झाले आहे. धर्माच्या प्रश्नाला आपण सर्वांनी बौद्ध हेच सांगावे, त्यात एक अक्षर कमी-जास्त नको. अनुसूचित जातीचा प्रश्न हा आपण मनाने काय मानतो याचा नाही. गावाने पिढ्यान्पिढ्या आपल्याला कोठे ठेवले होते, त्याची ती नोंद आहे. तेथे दाखल्यावर जे नाव आहे तेच सांगावे. अनुसूचीत महाराष्ट्रासाठी ५९ जाती आहेत. त्यात 'बौद्ध', 'नवबौद्ध' किंवा 'हरिजन' असे नाव नाही. ते सांगितले तर नोंद धरली जात नाही. आपल्या वाडीचे जुने नाव आपण दीक्षेनंतर लगेच टाकून बौद्धवाडी केले. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. नाव बदलायला आपण सरकारची वाट पाहिली नाही. मग हा रकाना भरल्याने आपले बौद्धपण जाईल, अशी भीती मला वाटत नाही.

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेत सर्वच जातींची गणना करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. १९३१ नंतर असे प्रथमच होत आहे. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे आपल्या भागासाठी संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. म्हणजे गावच्या ओळीत आज जे छापलेले आहे ते २०११ चे, आणि पुढची ओळ फेब्रुवारी २०२७ मध्ये जे सांगितले जाईल त्यावरून लिहिली जाईल. एकदा लिहिली की दहा वर्षे ती बदलत नाही. मागच्या खेपेला तर सोळा वर्षे झाली.

गावशाखेला माझ्या तीन-चार विनंत्या आहेत. प्रगणक वाडीत येतो तो दिवस आधी विचारून ठेवावा आणि घरी कोणी तरी जाणते माणूस असावे. देवळाजवळ किंवा दुकानाच्या ओट्यावर बसून कोणी आपल्या वाडीचे कागद भरत असेल, तर त्याला आदराने घरी बोलवावे, चहा द्यावा आणि आपल्यासमोर लिहायला लावावे. १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे खरे उत्तर देणे आपल्यावर बंधनकारक आहे, आणि आपण दिलेली माहिती गुप्त ठेवणे त्यांच्यावर. प्रगणक बहुधा माझ्यासारखा मास्तर किंवा अंगणवाडीताई असते. त्यांना दिवसभर उन्हात फिरायचे असते. त्यांच्याशी वाद घालू नये, पण रकाना मोकळाही सोडू देऊ नये. आणि म्हाताऱ्या माणसांना आधी समजावून सांगावे. घाईत, दारात उभे राहून नव्हे. त्यांच्याजवळ बसून सांगावे. त्यांनी तरीही नाही म्हटले, तर त्यांचे उत्तर त्यांचे आहे.

मंडळाच्या परवानगीने मी एक वही आणली आहे. ती दारापाशी टेबलावर ठेवली आहे. त्यात वाडीतल्या प्रत्येक घराला एक पान आहे. गावाला आज प्रत्यक्ष कोण राहते, कोणाच्या दाराला कुलूप आहे, कोणाकडे दाखला आहे आणि कोणाकडे नाही, एवढेच त्यात लिहायचे आहे. गावाहून आलेली मंडळी रात्री साडेनऊच्या गाडीने परत निघणार आहेत, त्यांच्याबरोबर वही जाईल. जेवणाच्या पंगतीला बसण्याआधी आपापल्या घराचे पान तेवढे भरून द्यावे. पहिले पान आत्याच्या घराचे आहे. तेथे आता तिची सून राहते, ते मी भरले आहे.

जयभीम.